मुलांना घेऊन एकट्याने खंड ओलांडताना : मृत्युदाखला हातातल्या पिशवीत ठेवा

अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन मी सहा आठवड्यांपूर्वी एका खंडातून दुसऱ्या खंडात कायमचा राहायला आलो. निघण्यापूर्वी ज्यांनी सल्ला दिला, त्या सर्वांनी मला विमानातल्या तासांची धास्ती घातली होती : मुले रडतील, कंटाळतील, एकट्या माणसाला आवरणार नाहीत. विमानात काहीही झाले नाही. आम्ही अडलो ते मधल्या विमानतळावर, एका टेबलापुढे, एका कागदासाठी, आणि त्या टेबलाबद्दल मला कोणीही सावध केले नव्हते. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्या टेबलाविषयी आहे. व्हिसा, नोकरी आणि निदान तीन महिन्यांचा खर्च तुमच्याजवळ आहे, आणि मोठे मूल स्वतःची बॅग ओढू शकते, असे धरून मी लिहीत आहे. माझी झोप अजून पुरी होत नाही आणि मनातला रागही पूर्ण गेलेला नाही, तेव्हा काही मते तिखट वाटली तर त्याचे कारण हे आहे.

माझी पत्नी तीन वर्षांपूर्वी वारली. स्थलांतराची कागदपत्रे तयार करून देणाऱ्या ज्या सल्लागाराला मी पैसे मोजले, त्याने मला स्पष्ट सांगितले होते की, तुम्हीच एकटे हयात पालक असल्यामुळे दुसऱ्या पालकाच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. हे वाक्य अर्धेच खरे आहे. संमतीचा प्रश्न उद्भवत नाही हे खरे, परंतु तो का उद्भवत नाही हे दाखवणारा कागद हातात लागतो, हा उरलेला अर्धा भाग त्याने सांगितला नाही आणि मलाही तो सुचला नाही. मुलांच्या जन्मदाखल्यावर दोन पालकांची नावे असतात. त्यांपैकी एक जण या जगात नाही, ही गोष्ट ना पासपोर्टवर लिहिलेली असते, ना व्हिसावर.

पहिल्या विमानतळावर कोणी काही विचारले नाही. सामान थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत लावून दिले गेले. सर्व मूळ दाखले मी मोठ्या बॅगेच्या तळाशी प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवले होते, कारण ते तिकडे पोहोचल्यावर नोंदणीसाठीच लागतील आणि तोपर्यंत ते कपड्यांखालीच सुरक्षित राहतील, असा माझा समज होता. हा समज चुकीचा होता आणि पुढचे सगळे त्यातूनच घडले.

मध्ये पाच तासांचा थांबा होता. दुसऱ्या विमानात चढण्यापूर्वी विमान कंपनीचे कर्मचारी कागद पुन्हा तपासतात. पोहोचण्याच्या देशाने प्रवाशाला प्रवेश नाकारला, तर त्याला परत नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि अनेक देशांत तिला दंडही होतो, म्हणून ही तपासणी कडक असते. टेबलामागच्या बाईंनी तीन पासपोर्ट पाहिले, दीर्घ मुदतीचे तीन व्हिसा पाहिले आणि विचारले, “मुलांची आई कुठे आहे? तिचे संमतीपत्र दाखवा.” मी उत्तर जुळवत असतानाच मुलगी म्हणाली, “आई वारली आहे.” धाकटा माझ्या हाताला लोंबकळत उभा होता. बाईंचा आवाज लगेच मऊ झाला, त्यांनी क्षमाही मागितली, परंतु लेखी पुरावा हवाच, असे त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे रास्त होते, हे मी आज मान्य करतो. मुलाला दुसऱ्या पालकापासून लपवून नेणारा माणूसही नेमके हेच सांगेल.

मृत्युदाखल्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, पण त्यात कागदाचे दोन कोपरे कापले गेले होते आणि नोंदणी क्रमांक वाचता येत नव्हता. मूळ दाखला बॅगेत होता. ती बॅग मिळवण्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागला असता, आणि तिथला व्हिसा आमच्याकडे नव्हता. शेवटी मी ताईला फोन केला. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. निघताना दाखल्याची एक प्रमाणित प्रत मी तिच्याकडे ठेवली होती, ती केवळ विम्याच्या एका कामासाठी. तिने ती शोधली, स्कॅन करून ईमेलने पाठवली, टेबलावर ती छापली गेली, वरिष्ठ अधिकाऱ्यांना दाखवली गेली आणि त्यांनी होकार दिला. तोपर्यंत विमानाचे दार बंद झाले होते. पुढचे विमान अकरा तासांनी होते आणि तीन जागांचे बदलशुल्क मला भरावे लागले, जे एका मुलाच्या मूळ तिकिटापेक्षाही जास्त होते. अकरा तास आम्ही खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये काढले. “आईचा कागद हरवला का?” असे धाकट्याने दोनदा विचारले. हा प्रवास मी विसरलो तरी तो प्रश्न विसरणार नाही.

माझे मत स्पष्ट आहे. एकट्या पालकाने मूळ कागद कधीही मोठ्या बॅगेत टाकू नयेत. अंगावरून न उतरवायच्या पिशवीत मुलांचे जन्मदाखले, दुसरा पालक हयात नसल्यास मृत्युदाखला, विवाहाचा दाखला, न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रमाणित प्रत आणि या सर्वांचे पोहोचण्याच्या देशाच्या भाषेतले भाषांतर असावे. शिवाय चारही कोपरे दिसतील असे स्कॅन फोनमध्ये आणि ईमेलमध्ये ठेवावेत, आणि मागे राहणाऱ्या एका विश्वासू माणसाकडे प्रमाणित प्रतींचा आणखी एक संच द्यावा. कोणत्या सीमेवर काय मागतील, हे आज वाचलेल्या नियमावरूनही ठरवता येत नाही, कारण नियम बदलतात. दक्षिण आफ्रिकेने 2015 मध्ये मुलांसह येणाऱ्या पालकांकडे आई-वडील दोघांचा तपशील असलेला पूर्ण जन्मदाखला मागायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत तो नियम सैल केला. मधल्या थांब्याच्या देशाचे नियमही पाहावेत. मी ते पाहिले नव्हते.

ज्यांचे दुसरे पालक हयात आहेत, त्यांची परिस्थिती माझ्यापेक्षा नाजूक आहे आणि इथे मी मुद्दाम थांबतो. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग करारानुसार, त्यात सामील असलेल्या देशांमध्ये, सोळा वर्षांखालील मुलाला त्याच्या नेहमीच्या निवासाच्या देशातून दुसऱ्या पालकाचा ताब्याचा हक्क डावलून नेले, किंवा नेल्यावर परत आणले नाही, तर ते बेकायदा ठरते आणि एका वर्षाच्या आत अर्ज झाल्यास मुलाला परत पाठवण्याचा आदेश सर्वसाधारणपणे होतो. ताब्याच्या हक्कात मुलाने कुठे राहायचे हे ठरवण्याचा हक्कही येतो. म्हणून मूल रोज तुमच्याजवळ राहते, एवढ्यावर विसंबू नका. संमतीपत्रात केवळ “प्रवासास हरकत नाही” असे लिहून घेतले, तर ते सुट्टीपुरते ठरू शकते. मूल त्या देशात राहायला जात आहे, त्याचे नेहमीचे निवासस्थान बदलणार आहे आणि दुसऱ्या पालकाला हे मान्य आहे, अशी वाक्ये त्यात हवीत, आणि शक्य तिथे न्यायालयाचा आदेशच घ्यावा. वकिलाचा खर्च इथे वाचवू नये. बाकी कुठेही वाचवावा.

वाचवायचा तो भाषांतरात आणि अपॉस्टिलमध्ये, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घ्यायच्या सरकारी प्रमाणपत्रात. सल्लागाराने मला या दोन गोष्टींचा एकत्रित संच विकला. पुढे मी स्वतः चौकशी केली, तेव्हा त्याने सरकारी शुल्काच्या कैक पट रक्कम घेतल्याचे कळले. त्याहून वाईट म्हणजे त्याने क्रम उलटा केला : आधी दाखल्यांचे भाषांतर, मग मूळ कागदावर अपॉस्टिल. परिणामी अपॉस्टिलचा शिक्का भाषांतरात आलाच नाही, इथल्या नोंदणी कार्यालयाने ते भाषांतर परत केले आणि पाच दाखल्यांचे काम मला पुन्हा पैसे भरून करून घ्यावे लागले. म्हणून आधी अपॉस्टिल घ्यावे आणि नंतर अपॉस्टिलसह संपूर्ण कागदाचे भाषांतर करावे, तेही पोहोचण्याच्या देशाने मान्यता दिलेल्या भाषांतरकाराकडून. अपॉस्टिल म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यावे. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातून आलेले हे प्रमाणपत्र कागदावरची सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचा अधिकार एवढ्याचीच खातरजमा करते. कागदातला मजकूर खरा असल्याची हमी ते देत नाही. जो देश त्या करारात नाही, त्याच्यासाठी वकिलातीमार्फत साक्षांकनाचा लांबचा रस्ता घ्यावा लागतो. परंतु चीनमध्ये हा करार 7 नोव्हेंबर 2023 पासून आणि कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून लागू झाला आहे, तेव्हा त्यापूर्वीचे सल्ले वाचून कोणी तुम्हाला लांबच्या रस्त्याचे पैसे लावत असेल, तर आपला देश आणि तो देश यांच्यात करार लागू असल्याची खात्री करून घ्या आणि मग ते देऊ नका.

विमान चुकल्यामुळे सामान आमच्यापासून वेगळे झाले आणि चारपैकी एक बॅग दोन दिवसांनी आली, तीही चाक तुटलेली. बहुतेक देशांना लागू असलेल्या 1999 च्या माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत करायची असते. पहिल्या आठवड्यात एकट्या पालकाला दम घ्यायलाही वेळ नसतो, म्हणून ही तक्रार विमानतळावरून बाहेर पडण्यापूर्वीच नोंदवावी. माझे सात दिवस केव्हा संपले ते मला कळलेही नाही.

आम्ही पूर्वेकडे आलो आणि घड्याळात सात तासांचा फरक पडला. शरीराला साधारण एका तासाच्या फरकासाठी एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडचा प्रवास जास्त जड जातो, कारण शरीराचे आतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोड्या लांब दिवसाचे असते आणि त्याला पुढे ओढणे कठीण असते. दोन पालक असले तर ते रात्र वाटून घेतात. एकट्याला दोन्ही मुलांची रात्र काढावी लागते, आणि मुले एकाच वेळी जागी होत नाहीत. मी चौथ्या दिवशी कामावर रुजू झालो. ते करू नये. पगार बुडाला तरी चालेल, पण पहिले दहा दिवस कामाला हात लावू नये.

घर दुरून वर्षभरासाठी घेऊ नये, प्रत्यक्ष न पाहिलेल्या घराचे डिपॉझिट तर मुळीच पाठवू नये. महिन्याभराची तात्पुरती जागा महाग पडते, पण ती घ्यावी आणि पत्त्याच्या पुराव्यादाखल चालेल असा लेखी करार मिळेल का, हे आधीच विचारावे. बँकेला पत्ता हवा असतो आणि घरमालकाला बँक खाते. आम्हाला या फेऱ्यातून सुटायला सोळा दिवस लागले. त्यानंतरचे दोन दिवस बरे गेले.

एकोणिसाव्या रात्री मला ताप आला आणि तो 39 अंश सेल्सिअसच्या वर गेला. तोवर मी कागदांचाच विचार करत होतो. त्या रात्री अंथरुणात पडल्यावर माझ्या लक्षात आले की, मी बेशुद्ध झालो तर या संपूर्ण खंडात माझ्या मुलांचे नाव माहीत असलेला एकही मोठा माणूस नाही. शाळेच्या अर्जात आणीबाणीच्या संपर्काच्या दोन ओळी होत्या. पहिलीत माझेच नाव होते आणि दुसरी रिकामी होती. सकाळी ताप उतरला, तेव्हा मी मुलीला लॉक असलेल्या फोनवरूनही आणीबाणीचा फोन कसा लावायचा ते शिकवले. हा क्रमांक युरोपीय संघात सर्वत्र 112, अमेरिका व कॅनडात 911 आणि ऑस्ट्रेलियात 000 आहे. घरचा पत्ता, आपली नावे आणि “बाबा बोलत नाहीत” हे वाक्य तिने इथल्या भाषेत पाठ केले. ही गोष्ट पहिल्या रात्रीच करायला हवी होती.

दुसऱ्या ओळीतले नाव मिळवण्यासाठी संकोच सोडावा लागतो. मी शेजारच्या एका निवृत्त बाईंना आणि कामावरच्या एका सहकाऱ्याला सरळ विचारले. दोघांनीही होकार दिला आणि दोघांनाही मी मुलांची नावे, जन्मतारखा, औषधांची ॲलर्जी, ताईचा फोन नंबर आणि मुलांना दोन दिवस सांभाळण्याचे व डॉक्टरांकडे नेण्याचे अधिकारपत्र लेखी दिले. असे पत्र कोणत्या नमुन्यात चालते, ते शाळेत विचारावे. मृत्युपत्रात मुलांचा पालक नेमलेला असला, तरी तो दुसऱ्या खंडात राहतो आणि पोहोचायला त्याला दोन दिवस लागतील. मधल्या त्या दोन दिवसांची सोय वेगळी करावी लागते, ही गोष्ट एकाही सल्लागाराच्या यादीत मला आढळली नाही.

शाळेबद्दल थोडेसे. लसीकरणाच्या नोंदी तारखा आणि शिक्क्यासह आणाव्यात, नुसती आठवण चालत नाही. मुलगी मैदानावर आता बोलू लागली आहे, पण इतिहासाचे पुस्तक तिला कळत नाही. जिम कमिन्स या शिक्षणतज्ज्ञांनी दाखवले आहे की, नव्या भाषेतले रोजचे बोलणे साधारण दोन वर्षांत येते, परंतु अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षे लागतात. मुलगी अडखळते म्हणून तिला खालच्या वर्गात बसवण्याची सूचना दुसऱ्याच आठवड्यात आली. मी ती नाकारली आणि भाषेच्या जादा तासांची लेखी मागणी केली, जी मान्य झाली. धाकटा अजून वर्गात गप्प असतो. शिक्षिका म्हणतात, तो ऐकतो आहे.

पुढच्या महिन्यात आम्ही कामानिमित्त पहिल्यांदा शेजारच्या देशात जाणार आहोत. फाइल माझ्या खांद्याच्या पिशवीत आहे, प्रतींचा एक संच ताईकडे आहे, आणि आणखी एक संच मुलीने मागून घेऊन स्वतःच्या दप्तरात ठेवला आहे.