डलॉनेगा : जिथे कोर्टाच्या विटांतही सोनं आहे

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या आसपास राहणारी आपली मंडळी ऑक्टोबरात रंगलेली झाडं बघायला उत्तरेकडे निघतात. वाटेत डलॉनेगा गावाच्या चौकात फज (साखर-दुधाची मऊ वडी) खायचा, दोन फोटो काढायचे की पुन्हा गाडीत. आम्हीही दोन वर्षं तेच केलं. यंदा मात्र अख्खा शनिवार गावालाच दिला.

अल्फारेटाहून तासाभराचा रस्ता. दहाच्या आत पोचा. आम्ही साडेअकराला पोचलो आणि अर्धा तास पार्किंगसाठी चकरा मारत बसलो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इथे 'गोल्ड रश डेज'ची जत्रा असते. गर्दी सोसत नसेल तर तेवढे दोन दिवस टाळाच.

हे लंपकिन काउंटीचं मुख्य गाव, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखं. चौकाच्या मधोमध १८३६ सालची विटांची दुमजली कोर्टाची इमारत आहे. १९६५ पर्यंत इथे खटले चालले, आता सोन्याचं संग्रहालय आहे. विटा इथल्याच मातीच्या, त्यामुळे त्यांत सोन्याचे सूक्ष्म अंश आहेत. मी भिंतीला नाक लावून बराच वेळ शोधलं. दिसत काही नाही, पण बोट फिरवल्यावर उगीच बरं वाटतं! आत पाच औंसांहून जड असा सोन्याचा गोळा आहे, तो चुकवू नका. मग वर जा. जुन्या कोर्टरूममध्ये १८८९ सालच्या लाकडी खुर्च्या अजून रांगेत आहेत.

त्या खुर्चीत बसून मला सगळ्यात जास्त खटकली ती सालं. सोन्याचा बोभाटा झाला १८२९ मध्ये. जमीन चेरोकी या इथल्या मूळ रहिवासी जमातीची. १८३२ मध्ये जॉर्जिया सरकारने तिचे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे पाडून गोऱ्यांना चक्क लॉटरीत वाटले. १८३८ मध्ये सैन्याने चेरोकींना हुसकावून पश्चिमेला हाकललं, त्यात हजारो माणसं मेली. म्हणजे कोर्ट आधी उभं राहिलं आणि मूळ मालक नंतर गेले. गावाचं नाव मात्र त्यांच्याच भाषेतलं राहिलं. त्याचा अर्थ 'पिवळं'.

ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी गावात सरकारी टांकसाळ सुरू झाली. १८६१ पर्यंत तिथे सोन्याची नाणी पडली, त्यांवर 'डी' हे अक्षर असे. (डेन्व्हरच्या नाण्यांवरही 'डी'च असतो, पण ती टांकसाळ पुष्कळ नंतरची.) १८४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोन्याची हाक आली तेव्हा टांकसाळीतला पारखी मॅथ्यू स्टीफन्सन कोर्टासमोर उभा राहून, इथेच अजून मुबलक सोनं आहे, जाऊ नका, असं लोकांना विनवत होता म्हणे. कोणी ऐकलं नाही. टांकसाळीची इमारत १८७८ मध्ये जळाली. तिच्याच पायावर गावातल्या कॉलेजचा प्राइस मेमोरियल हॉल उभा आहे. चौकातून पाच-सात मिनिटं चाला. त्याच्या मनोऱ्यावर इथल्याच सोन्याचा वर्ख आहे, तो दुपार उतरल्यावर बघावा.

मुलं बरोबर असतील तर कन्सॉलिडेटेड या जुन्या सोन्याच्या खाणीत उतरा. जमिनीखाली बारा महिने गारवा असतो, वरून पाणी ठिबकतं. स्वेटर आणि न घसरणारे बूट हवेतच. आमच्यातल्या एकाने चपला घातल्या होत्या. त्याने पूर्णवेळ माझा दंड धरून ठेवला. क्रिसन खाणीवर पसरट ताटलीत वाळू धुऊन सोन्याचे कण शोधता येतात. सराफकट्ट्यावरचे झारेकरी करतात तेच काम, इथे फक्त पैसे आपण द्यायचे. पाठ मोडते आणि दोन-चार चकाकते ठिपके हाती लागतात. मुलीने ती कुपी घरी देव्हाऱ्यात ठेवली आहे.

जेवायला स्मिथ हाउस. एकाच लांब टेबलावर अनोळखी लोकांबरोबर बसायचं, वाडगे फिरत राहतात, पंगतच म्हणा ना. शाकाहाऱ्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं, कारण दक्षिणेत घेवड्याच्या शेंगा आणि पालेभाज्या सर्रास डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. आम्ही मक्याची पाव-भाकरी आणि बटाट्यावर भागवलं. उठताना खाली खाणीचं तोंड बघून या. २००६ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना जमिनीखाली खाणीची जुनी विहीर सापडली. इतकी वर्षं लोक तिच्या वर बसून कोंबडी खात होते.