घोडबंदरच्या कट्ट्यावर स्वित्झर्लंड

सुट्टीत ठाण्याला आले की संध्याकाळी बाबांबरोबर सोसायटीच्या कट्ट्यावर हजेरी लावावीच लागते. यंदा तळमजल्यावरच्या काकांनी बसताबसताच विचारलं, "काय गं, तुमच्या तिकडे सध्या पंतप्रधान कोण?"

अकरा वर्षं झुरिकजवळच्या एका गावात राहते, पण तिथे पंतप्रधान हे पदच नाही. सात जणांचं मंत्रिमंडळ, आणि अध्यक्षपद दरवर्षी त्यांच्यातच फिरतं.

"मग देश चालवतं कोण?"

बऱ्याच अंशी गाव, मी म्हटलं. आणि डिसेंबरातली ग्रामसभा सांगितली. शाळेचा हॉल, बाहेर ओले बूट, आत पुढच्या वर्षीचं बजेट. मी परदेशी, म्हणून मत नाही. बाजूच्या पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसायचं. एका शेतकऱ्याने पाळणाघराच्या नळांचा खर्च एवढा का, यावर दहा मिनिटं घेतली. मग गावाचा कर वाढवायचा ठराव आला. हात वर झाले, मोजणारे रांगेरांगेतून फिरले आणि ठराव पडला. तिथे आयकरात गावाचा वाटा असतो आणि त्याचा दर गावच ठरवतं. उलट केंद्राला आयकर नि व्हॅट लावायचा जो अधिकार आहे, तो मुदतीचा! २०१८ साली लोकांनी मत देऊन तो २०३५ पर्यंत वाढवून दिला.

"म्हणजे दिल्लीने आपल्याकडे मुदतवाढ मागायची?" काकांना हे भलतंच आवडलं. पुढे दोनदा त्यांनी ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं.

बाबा मात्र गेटसमोरच्या खड्ड्याकडे बघत होते. गटाराचं झाकण गेलंय, कुणीतरी त्यात पाय तुटलेली प्लास्टिकची खुर्ची उभी करून ठेवलीय. तक्रार घेऊन ते दोन कचेऱ्यांत जाऊन आले. दोन्हीकडे एकच उत्तर: हा रस्ता आमच्याकडे येत नाही.

कागदावर आपल्याकडेही सगळं आहे. शहरांच्या स्थानिक कारभाराला घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत. पण त्यातलं काय, किती द्यायचं हे राज्याच्या हातात. पैशाचंही तेच. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला; २०१७ ला जीएसटी आल्यापासून पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून. आणि ठाण्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, ती निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. आमच्या गावात सभा एक महिना पुढे ढकलली तरी लोक पत्रं लिहितील.

"तिकडे सगळं सोन्याचंच, नाही का?" काकू म्हणाल्या. त्यात खोच होती आणि ती रास्त होती. गावाच्या हाती सत्ता म्हणजे गावाच्या खोडीही आल्या. आपेन्झेल इनररोडन नावाच्या राज्यात बायकांना स्थानिक मत १९९० पर्यंत नव्हतं. पुरुष हात वर करून नाही म्हणत राहिले, शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते द्यायला लावलं. माझ्या नागरिकत्वाच्या अर्जालाही केंद्र, राज्य आणि गाव, तिघांचा होकार लागतो. गावात भाऊबंदकी कशी असते, हे ठाणेकरांना मी काय सांगणार!

साडेआठ झाले. रस्त्यावर अंधार, दिव्याचा खांबही बंद. तो कुणाकडे येतो, हे विचारायचं मी टाळलं. काकांनी जाताजाता मोबाईलचा टॉर्च लावला आणि कलंडलेली खुर्ची पुन्हा खड्ड्यात सरळ उभी केली.