मोटर तीच, ड्राइव्ह तोच, लोड मात्र वेगळा : दोन व्हीएफडी चालू करतानाचा माझा अनुभव

दोन मशीनवर व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह, बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं, एक ब्लोअर आणि एक बेल्ट कन्व्हेयर. दोन्हीच्या मोटरी सेम टू सेम. नेमप्लेटवर ११ किलोवॅट, ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २१ अ‍ॅम्पिअर, १४६० आरपीएम. ड्राइव्हसुद्धा एकाच मॉडेलचे दोन आलेले. त्यामुळे मला वाटलं की एकाचं सेटिंग नीट बसवलं की कीपॅडमधून कॉपी करून दुसऱ्यात टाकायचं, संध्याकाळपर्यंत काम संपलं. प्रत्यक्षात कन्व्हेयर नीट चालायला पुढचे आठ दिवस गेले, आणि त्या आठ दिवसांत मला लोड म्हणजे काय ते खरं कळलं, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

ड्राइव्ह काय करतो हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. येणारा एसी आधी डीसी होतो, ४०० व्होल्टला हा डीसी बस (ड्राइव्हच्या आतली कपॅसिटर असलेली डीसी लाइन) साधारण ५६५ व्होल्टचा असतो, आणि मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच तो डीसी सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद करून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी मोटरला देतात. मोटरचा स्पीड फ्रिक्वेन्सीवर ठरतो. ४ पोलची मोटर ५० हर्ट्झला १५०० आरपीएमचं फील्ड फिरवते, शाफ्ट स्लिपमुळे ४० ने मागे राहतो म्हणून प्लेटवर १४६०. फ्रिक्वेन्सी कमी केली की व्होल्टेजपण त्याच प्रमाणात कमी करावा लागतो, आमच्या मोटरला दर हर्ट्झला ८ व्होल्ट, नाहीतर कोअर, म्हणजे मोटरमधलं लोखंड, चुंबकीयदृष्ट्या सॅच्युरेट होऊन करंट वाढतो. (आणि एक, सप्लाय बंद केल्यावर लगेच टर्मिनलला हात लावू नका, बसचे कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला काही मिनिटं लागतात, मी दर वेळी डीसी व्होल्टेज मोजूनच हात घालतो.)

ब्लोअर आधी घेतला. सेंट्रिफ्युगल फॅन, आतापर्यंत ५० हर्ट्झला फुल स्पीडने चालायचा आणि हवा कमी करायला इनलेटचा डँपर अर्धा बंद ठेवायचे. ड्राइव्हमध्ये लोड टाइप फॅन-पंप निवडला, अ‍ॅक्सिलरेशन २० सेकंद, चालू केला, मस्त उचलला. मग डँपर पूर्ण उघडला आणि ५० हर्ट्झला पॉवर बघितली तर ९.२ किलोवॅट, आणि फक्त फ्रिक्वेन्सी ४० वर आणली की डिस्प्लेवर ४.८. मी दोनदा बघितलं. स्पीड फक्त २० टक्के कमी आणि पॉवर जवळपास निम्मी. पुस्तकात वाचलेलं होतंच, की फॅनला टॉर्क (शाफ्ट फिरवायची ताकद) स्पीडच्या वर्गाने आणि पॉवर घनाने बदलते, म्हणजे ०.८ चा घन ०.५१२, पण स्वतः मीटरवर आकडा पडताना बघणं वेगळंच. मात्र हा घनाचा नियम पंपाला जसाच्या तसा लावू नका, पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर तेवढं स्टॅटिक हेड कायम राहतं आणि बचत कमी होते.

ब्लोअरची अडचण थांबवताना आली. डिसिलरेशन मी ५ सेकंद टाकलेलं, स्टॉप दाबला की ओव्हरव्होल्टेज फॉल्ट. सप्लायमध्ये काही गडबड असेल असं वाटलं, पण डीसी बसचं रीडिंग समोर ठेवून पुन्हा स्टॉप दिला तेव्हा दिसलं, ५६५, ६४०, ७३०, आणि ८०० च्या जवळ गेला की ट्रिप. म्हणजे एवढा जड इंपेलर फिरतोय, त्यात साठलेली एनर्जी आहे, आपण फ्रिक्वेन्सी झपकन खाली आणली की मोटर जनरेटर होते आणि ती एनर्जी परत बसमध्ये ढकलते, आणि इनपुटला एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर डायोडचा असल्याने ती सप्लायला परत जाऊ शकत नाही, मग जाणार कुठे, कपॅसिटरचा व्होल्टेजच वाढणार. ब्रेकिंग रेझिस्टर हा एक उपाय, पण ब्लोअर पाच सेकंदात थांबायची गरजच कुणाला नव्हती. डिसिलरेशन ६० सेकंद केलं, विषय संपला.

मग प्रॉडक्शनवाले म्हणाले, "साहेब, थोडी हवा जास्त मिळेल का, ५५ हर्ट्झ करून बघा ना." मी कागदावर करून दाखवलं, १.१ चा घन १.३३१, गुणिले ९.२, म्हणजे १२.२ किलोवॅट, मोटर ११ ची. त्यात ५० च्या वर फ्रिक्वेन्सी वाढते पण व्होल्टेज ४०० वरच राहतो, म्हणजे मोटरचा टॉर्क उलट कमी होतो आणि फॅनला मात्र जास्त टॉर्क लागतो. नाही म्हटलं आणि मॅक्सिमम फ्रिक्वेन्सी ५० वर लॉक करून टाकली.

आता कन्व्हेयर. सेटिंग कॉपी केलं, रिकामा बेल्ट चालवला, सुरळीत. माल टाकला, थांबवला, परत स्टार्ट दिला. मोटरचा गुंग्ग आवाज, बेल्ट जागचा हलेना, करंट वाढत गेला आणि ओव्हरकरंट ट्रिप. रिसेट केलं, पुन्हा तेच.

आमच्या खात्यात एक सिनियर आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी पॅनल उघडायच्या आधी मला एकच विचारलं, "हा बेल्ट हळू चालवला तर त्याला ताकद कमी लागते का रे?" विचार केला तर नाही. त्यावरचा माल तेवढाच जड, रोलरचं घर्षण तेवढंच, १० हर्ट्झला काय आणि ५० ला काय टॉर्क जवळपास सारखाच, उलट जागेवरून सुटताना सगळ्यात जास्त. याला कॉन्स्टंट टॉर्क लोड म्हणतात. आणि मी त्याला फॅनचं सेटिंग दिलेलं, ज्यात व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने चढतो. १० हर्ट्झला सरळ रेषेने ८० व्होल्ट मिळाले असते, शुद्ध वर्गाने हिशोब केला तर १६. फॅनला सुरुवातीला ताकद लागतच नाही म्हणून तिथे ते चालून गेलं, इथे मोटरकडे टॉर्कच नव्हता.

व्ही बाय एफ (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचं प्रमाण) लिनिअर, म्हणजे सरळ रेषेचं केलं. बरंच सुधारलं, पण भरलेला बेल्ट अजून अडखळत होता. कारण ३ हर्ट्झला मोटरला २४ व्होल्ट मिळणार, त्यातला बराचसा वाइंडिंगच्या रेझिस्टन्समध्येच पडतो. त्यासाठी टॉर्क बूस्ट असतो, म्हणजे लो स्पीडला थोडा जास्त व्होल्टेज. तो थोडा थोडा वाढवत गेलो, बेल्ट सुटायला लागला, पण मग बेल्ट रिकामा असताना लो स्पीडला करंट नको तेवढा जास्त दिसायला लागला, आणि मोटर उगाचच तापायला लागली. शेवटी बूस्टचा नाद सोडला, मोटर गार असताना लोडपासून सुटी करून ऑटोट्यून केलं (ड्राइव्ह स्वतःच मोटर मोजून घेतो) आणि सेन्सरलेस व्हेक्टर मोडवर टाकलं. आता ड्राइव्ह लोड बघून स्वतःच करंट देतो. फरक लगेच दिसला, बेल्ट झटका न देता सुटला.

तरी दोन गोष्टी राहिल्याच. एक, पूर्ण भरलेला बेल्ट बराच वेळ उभा राहिला की कधीकधी ड्राइव्ह ओव्हरलोड दाखवायचा. कारण आमचा ड्राइव्ह नॉर्मल ड्यूटीवर निवडलेला, म्हणजे एक मिनिट ११० टक्के करंट झेलणारा, आणि अशा लोडला हेवी ड्यूटीचे १५० टक्के लागतात. दोन, बेल्ट बहुतेक वेळ १५ हर्ट्झवरच चालायचा, करंट १९ अ‍ॅम्पिअर, आणि दोन तासांनी मोटरमधल्या थर्मिस्टरने (तापमानाच्या सेन्सरने) ट्रिप दिला. बॉडीला हात टेकवत नव्हता. करंट प्लेटच्या आत, मग तापते का? तर मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर, शाफ्ट ३० टक्के स्पीडला म्हणजे हवा नावालाच. (याच वेळी क्लॅम्प मीटरने ड्राइव्हच्या इनपुटला ८ अ‍ॅम्पिअर आणि आउटपुटला १९ दिसले, आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला मीटर बिघडलाय. बिघडला नव्हता. लो स्पीडला पॉवरच कमी असते म्हणून सप्लायकडून करंट कमी, मोटरकडे मात्र टॉर्कचा आणि मॅग्नेटायझिंगचा (चुंबकीय फील्ड तयार करणारा) करंट पूर्ण लागतो.)

एक साइज मोठा ड्राइव्ह आणि मोटरवर वेगळा कूलिंग फॅन, अशी मागणी लिहायला घेतली होती. काका म्हणाले, "थांब, हा बेल्ट ५० वर कधी चालवलाय का कुणी?" लॉग बघितला, २२ च्या वर कधीच गेला नव्हता. म्हणजे रेशोच (मोटर आणि बेल्टच्या स्पीडचं प्रमाण) चुकीचा होता. मोटर आणि गिअरबॉक्सच्या मधली पुली बदलून रेशो दुप्पट केला. आता तोच बेल्ट स्पीड मोटर ३० हर्ट्झला देते, मोटरवरचा टॉर्क निम्मा, करंट १२-१३ अ‍ॅम्पिअर, पंखा दुप्पट स्पीडने फिरतो आणि सुटतानाचा टॉर्कही निम्मा झाल्यामुळे तोच जुना ड्राइव्ह पुरला. मागणीचा कागद फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी बेल्ट मुद्दाम फुल भरून तासभर उभा ठेवला, मग स्टार्ट दिला. करंट १६ ला गेला आणि १२ वर स्थिरावला. पूर्ण शिफ्ट संपल्यावर मोटरवर हात ठेवला, गरम होती पण हात टिकत होता. दोन्ही पॅनलच्या दाराला आतून कागद चिकटवलेत, एकावर फॅन, स्क्वेअर कर्व्ह, डिसिलरेशन ६०, मॅक्स ५० हर्ट्झ, दुसऱ्यावर कन्व्हेयर, व्हेक्टर मोड, ऑटोट्यूनची तारीख, नवीन पुलीचा रेशो, आणि खाली लाल पेनाने, ब्लोअरचं सेटिंग इथे कॉपी करू नये.