विसर्जनानंतरची सकाळ आणि अडकलेली ट्रॉली

मुंबईत ट्रॅक्टर दुरुस्त करतो म्हटलं की फलटणची माणसं हसतात. मुंबईत शेतं कुठली? शेतं नाहीत, पण ट्रॅक्टर आहेत. चौपाटीवर कचऱ्याच्या ट्रॉल्या ओढायला, क्रिकेटच्या मैदानावर गवत कापायला, रेसकोर्सवर, आरेत. बहुतेक छोटे, वीस-पंचवीस एचपीचे. आमच्याकडे डाळिंबाच्या बागेत घालतात तसले. वाकोल्यातल्या माझ्या गाळ्याचं निम्मं पोट त्यांच्यावर चालतं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ठेकेदाराचा फोन आला. "मिस्त्री, जुहूला या. ट्रॉली अर्ध्यात अडकलीय."

त्या दिवशी जुहूला काय चित्र असतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. पुढ्यात पौर्णिमा, म्हणजे उधाण. सकाळी सहाच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं असतं आणि रात्री विसर्जित केलेलं सगळं वाळूवर उघडं पडतं. प्लास्टरच्या मूर्ती विरघळत नाहीत, त्यांचे तुकडे, हार, थर्माकोल, नारळ. हे सगळं उचलायला दुपारपर्यंतचा वेळ. बाराच्या आसपास साडेचार मीटरची भरती येते आणि उरलेलं परत घेऊन जाते.

मी पोचलो तेव्हा माल ओतायला उचललेली ट्रॉली तीस-पस्तीस अंशांवर थरथरत उभी होती. पंप चिरकत होता, कुत्र्याची शेपटी पायाखाली आल्यासारखा. आणि सफाईचा एक पोरगा ट्रॉलीच्या खाली वाकून, चासी आणि फाळक्याच्या मध्ये डोकं घालून, अडकलेला बांबू बाहेर ओढत होता.

मी एवढ्या जोरात ओरडलो की बाजूच्या बायका दचकल्या. तो बाहेर आला, हसत. वर उचललेली भरलेली ट्रॉली फक्त जॅकमधल्या तेलावर उभी असते. एक पाइप फुटला, कुणाचा धक्का लिव्हरला लागला, की संपलं. आधी ट्रॉलीचा लोखंडी टेकू लावला, मग फाळका पाडून माल हातानं खाली ओढायला लावला. एका ताईंनी त्यातून मूर्तीचा एक हात वेगळा काढला. मोदक धरलेला, कोपरापासून तुटलेला. कचऱ्यात टाकवेना. आपल्या पदरानं वाळू पुसून त्यांनी तो मूर्तींच्या ढिगाकडे नेला.

ट्रॅक्टरवर एक नवीन पोरगा होता, माजलगावकडचा. नेहमीचा ड्रायव्हर सिंधुदुर्गातला. गणपतीला कोकणी माणूस मुंबईत थांबत नसतो. तो दहा दिवस गावी, म्हणून हा बदली.

"तेल बघितलंस?" मी विचारलं.

"रोज बघतोय की काका. रोज कमीच दिसतंय. रोज घालतोय."

"किती?"

"कधी अर्धा लिटर, कधी लिटर. तरी पुन्हा खाली. ब्रीदरमधून गळतंय बी." ब्रीदर म्हणजे तेलाच्या घराची हवा जायची वाट.

मुकादम मागे उभा होता. म्हणाला, "मग अजून घाला आणि सुरू करा. पाणी यायला लागेल."

मी सीटमागची तेल मोजायची पट्टी काढली. भोकातून फेस वर आला, दूध उतू जावं तसा. पट्टी वरपर्यंत माखलेली आणि रंग कटिंग चहाचा. मुकादमानं कपाळाला हात लावला. "समुद्राचं पाणी गेलं आत. गेला ट्रॅक्टर." पोरगा पांढराफटक. पहाटे चाक अर्धं बुडेपर्यंत लाटेत नेला होता, हे त्यानं हळूच कबूल केलं.

तेल दुधाळ दिसण्याची कारणं दोन. आत पाणी गेलंय किंवा हवा मिसळलीय. हवा असेल तर तेल उभं राहिलं की बुडबुडे वर येऊन फुटतात आणि तेल स्वच्छ होतं. पाणी असेल तर ते तसंच गढूळ राहतं. म्हणजे काय, तर थांबायचं. मिस्त्रीला सगळ्यात अवघड काम हेच. चार लोक घड्याळ दाखवत असताना हातात पाना न धरता बसणं.

ट्रॉली पूर्ण खाली घेतली, ट्रॅक्टर वाळूवरून काढून प्रवेशाच्या काँक्रीटवर आणला. सपाटी बघायला पाण्याची जवळजवळ भरलेली बाटली पायदानावर आडवी ठेवली. बुडबुडा मध्ये येईपर्यंत मागेपुढे घ्यायला लावला. लेव्हल विकत घ्यायची गरज नाही. इंजिन बंद. एरवी दहा मिनिटं पुरतात, फेस होता म्हणून अर्धा तास सांगितला. मुकादम काहीतरी पुटपुटत निघून गेला.

तेवढ्यात चहाच्या टपरीवर गेलो. बिस्किटाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण मागितलं, स्टोव्हवर तापवलं आणि पट्टीवरच्या तेलाचे दोन थेंब सोडले. पाणी असतं तर फोडणीसारखं तडतडलं असतं. नुसता धूर आला. पोराला पटेना, म्हणून थोड्या तेलात समुद्राचं पाणी घोटून तेही टाकून दाखवलं. असं तडतडलं की टपरीवाल्यानं झाकणच फेकून दिलं. त्याचे वीस रुपये मी भरले.

म्हणजे पाणी नाही, हवा. हवा शिरते ती बहुधा तेल कमी असलं की. पंप तळाशी हवा ओढतो. पण मग ब्रीदरमधून तेल बाहेर कसं येईल? शिवाय पोरगा एक गोष्ट बोलून गेला होता, ती माझ्या डोक्यात राहिली. सकाळची पहिली खेप झकास उठते, तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून थरथर सुरू होते.

"तेल कधी बघतोस? कसं?"

"पहाटे. गाडी चालू करायच्या आधी."

"ट्रॉली कुठं असते?"

"वर. रात्री वरच ठेवतो ना. खाली ठेवली की कुणी येऊन झोपतंय, कुत्री बसत्यात. पाणी बी निथळतंय."

तिथंच सापडलं. या ट्रॅक्टरात गिअर, लिफ्ट आणि ब्रेक सगळ्यांना एकच तेल, मागच्या घरात. ट्रॉली उचलणारा जॅकही तेच पितो. जॅक एकमार्गी, वर गेला की चार-एक लिटर तेल त्याच्या पोटात. ट्रॉली वर ठेवून पट्टी बघितली की तेवढं तेल हिशेबातच येत नाही. भर म्हणून ट्रॅक्टर रात्री उतारावर, तोंड समुद्राकडे करून लावलेला. पट्टी मागे, तेल पुढे. दोन्ही चुका एकाच बाजूच्या. पट्टी म्हणणार कमी, पोरगा ओतणार, ट्रॉली खाली आली की सगळं परत घरात. गिअर त्या जादा तेलात घुसळत राहिले, तेल तापलं, फेसाळलं, ब्रीदरमधून उतू गेलं. तो फेसच पंपानं ओढला. आणि गळालेलं बघून दुसऱ्या पहाटे आणखी तेल. दहा दिवस.

अर्धा तास झाला. पट्टी पुसली, घातली, काढली. फेस बसला होता, तेल निवळलं होतं, आणि वरच्या खुणेच्या तीन बोटं वर.

हातपंपानं तेल उपसायला घेतलं. एक कॅन, दुसरा कॅन. साडेपाच लिटर निघालं. मुकादम परत आला तो कॅन बघून थबकला. "अहो, घालायला बोलावलं होतं, काढताय काय?"

काढताना वासावरून आणि पातळपणावरून शंका आली. "कुठलं घालत होतास?" पोरानं शेजारच्या जेसीबीकडे बोट केलं. तिथला ६८ नंबरच्या हायड्रॉलिक तेलाचा डबा. हायड्रॉलिक म्हणजे हायड्रॉलिक, त्याचं काय चुकलं? आमच्या धंद्यातलं नावच फसवं आहे. जेसीबीचं ते तेल फक्त दाब द्यायचं काम करतं. ट्रॅक्टरच्या तेलाला गिअरचे दातही सांभाळायचे असतात आणि तेलात बुडालेल्या ब्रेकच्या प्लेटाही. त्याच्या कॅनवर यूटीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या गिअरसकट सगळ्याचं एकच तेल, असं लिहिलेलं असतं. ब्रेक कुरकुरतो का विचारलं तर म्हणाला, चार दिवसांपासून. मला वाटलं, वाळू असंल.

त्या दिवशी सगळं तेल बदलायला वेळ नव्हता. पातळी दोन खुणांच्या मध्ये आणली, ब्रीदर धुतला, पाइपच्या कपलिंगवरची वाळू पुसली. पोरगा ओली जागा शोधायला तळहात फिरवायला गेला, तो हात मी झटकला. दीडशे-दोनशे किलोच्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून आत जाते, सुईसारखी, आणि मग हात कापायची वेळ येते. पुठ्ठा फिरवायचा, हात नाही.

पावणेदहाला ट्रॉली भरून वर घेतली. एका दमात, न चिरकता. बारापर्यंत सात खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला लाटा पार उतारापाशी आल्या होत्या. ताई पदर खोचून धावत माल भरत होत्या.

पुढच्या रविवारी सगळं तेल काढून, जाळी धुऊन, नवा फिल्टर आणि बरोबर तेल घातलं. नेहमीचा ड्रायव्हर गावाहून परतला होता. सगळं ऐकून पोराला एवढंच म्हणाला, "अरे, मला फोन तरी करायचास." रात्री ट्रॉली खाली ठेवायची आणि वर फाटकं जाळं बांधायचं, असा तोडगा त्यानंच काढला.

तेलबदलाचे पैसे ठेकेदारानं लगेच दिले. जुहूच्या सकाळची मजुरी मात्र अजून अडकलीय. "तेल घातलं असतंस तर गोष्ट वेगळी," म्हणतो. "काढायचे कसले पैसे?"