अर्धा रोज

रविवार, रात्री साडेनऊ. लाईन आत्ताच आली.

आज चर्चमध्ये बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचला. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा. लहानपणापासून कितीदा ऐकलाय, पण आज पाळक वाचत होते अन् माझी मान वर होत नव्हती.

काल सोयाबीनच्या निंदणाला सहा बाया होत्या. आठवडाभर वापसा नव्हता, जमीन कामाजोगी सुकलीच नाही, गवत पिकाच्या डोक्यावर गेलेलं. एक मावशी, साठीच्या पुढची, दुपारी दोनला धुऱ्यावर आली. चपलांना वीतभर काळी माती. नातवाला ताप होता, त्याला दवाखान्यात नेलं म्हणाली, अन् गुपचूप शेवटची पात धरली. संध्याकाळी मी वहीत तिच्या नावापुढे ‘अर्धा’ लिहिलं. अडीचशेचे सव्वाशे. कापसाची वेचणी असती तर किलोवर हिशोब, प्रश्नच नव्हता. निंदणाला मात्र दिवसाचा रोज.

दाखल्यातला घरधनी, म्हणजे मळ्याचा मालक, संध्याकाळी पाचला, म्हणजे त्यांच्या हिशोबानं अकराव्या तासाला, चौकात जाऊन विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. इथं मी अडकलो. आमच्या बसस्टँडवर कामाची वाट बघत नऊपर्यंत कोण उरतं, ते मला माहीत आहे: लंगडत चालणारा, हात थरथरणारा, म्हातारी माणसं. धडधाकट माणसं केव्हाच गाडीत बसून गेलेली असतात. अन् त्या घरधन्याकडे मजुरी वाटायला कारभारी आहे, तरी माणसं बघायला तो दिवसातून पाचदा स्वतः जातो. शेवटी सगळ्यांना एकेक दीनार. दीनार म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज. त्याहून कमी मिळालं तर घरी चूल पेटायची कशी?

येशू म्हणतो, स्वर्गाचं राज्य या माणसासारखं आहे. मत्तय ‘स्वर्गाचं’ म्हणतो, मार्क अन् लूक आपापल्या शुभवर्तमानात ‘देवाचं’. यहुदी लोक देवाचं नाव सहसा उच्चारत नसत, म्हणून तसं, असं सांगतात. आम्ही मात्र त्या एका शब्दावरून ते राज्य मेल्यावरचं करून टाकलं, मयतीला गायचं. प्रार्थनेत मात्र दर रविवारी म्हणतो, तुझं राज्य येवो, जसं स्वर्गात तसं पृथ्वीवर. येवो म्हणजे इकडे, या वावरात.

यवतमाळची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज, 1983 साली पुण्याला गेली. त्याआधी वडील तिथं बागेत कामाला होते. प्राध्यापकांचं कानावर पडलेलं ते घरी सांगायचे. सुवार्तेचा मूळ ग्रीक शब्द युआंगेलिओन. रोमी सम्राटाच्या जन्माची, विजयाची खबर यायची तिलाही हाच शब्द. वडिलांना तो एकदम पटला होता. “म्हणजे कोतवालाची दवंडी रे,” म्हणायचे, “राजा बदलला, ऐका हो.” दवंडी झाल्यावर नवीन राजाचा हिशोब चालतो, जुना नाही. हे ते म्हणायचे की मीच जोडलं, आता आठवत नाही.

जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, “द्या तिले पूर्ण. अन् मंगळवारी बाकीच्या म्हणतील, आमी सकाळपासून उन्हात, अन् तिले तेवढेच? उद्यापासून साऱ्याच दोनले येतील, मंग?”

हिचं खरं आहे. दाखल्यातही सकाळपासून राबलेले हेच म्हणतात, आम्ही दिवसभराचं ऊन सोसलं. घरधनी त्यांना एवढंच विचारतो की मी उदार आहे म्हणून तुला हेवा वाटतो काय. दुसऱ्या दिवशी चौकात कोण किती वाजता आलं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

मंगळवारी बाजार, त्याच दिवशी मजुरीचा चुकारा. वही समोर आहे. ‘अर्धा’ पेन्सिलनं लिहिलाय.