समेवर कोणीच नाही

अकरा वर्षं मी डोंबिवलीच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली. गणपतीचे मांडव, हळदी, सोसायट्यांच्या गच्च्या. घरी आलो की मात्र लेड झेपलिन, इंग्लंडचा तो दणदणीत रॉक बँड. म्हणून मावसबहिणीने अमेरिकेहून ‘ड्रेड झेपलिन’ची कॅसेट आणली आणि मी ती लावली, तेव्हा मला सरळ राग आला. झेपलिनची गाणी, ठेका जमैकाच्या रेगे संगीताचा, आणि गाणारा एल्व्हिस प्रेस्लीच्या आवाजात! दुसरी बाजू न ऐकताच कॅसेट काढून ठेवली.

परत लावली ती बेससाठी. पहिल्या वेळी रागातसुद्धा काहीतरी कानात अडकून राहिलं होतं.

झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम. त्याचा पाय पहिल्या मात्रेवर पडला की घर हलतं. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात नेमकी तीच मात्रा मोकळी. चार मात्रा मोजा: पायाने वाजवायचा बास ड्रम पहिलीवर नाहीच, तो पडतो तिसरीवर, दुसरी-चौथीवर गिटारची ‘चक’. मधली मोकळी जागा बेसची. आपण समेला जीव टाकणारी माणसं. तबलजीने समच सोडून दिली तर मैफलीत माना वर होतील. इथे ती मुद्दाम सोडलेली, आणि तरी ‘होल लॉटा लव्ह’चा तो पीस ओळखू येतो. एवढं वजन काढून घेतल्यावरही चाल उभी राहते म्हणजे ती मुळात किती पक्की बांधलेली असेल, हे मला त्या कॅसेटने दाखवलं. मूळ गाणं शेकडो वेळा ऐकूनही ते दिसलं नव्हतं, कारण मी आवाजाच्या दणक्याखाली दबून ऐकत होतो.

ड्रेड झेपलिन हा बँड कॅलिफोर्नियातला, १९८९ मधला. पहिला मोठा अल्बम १९९० चा. गायक ग्रेग टॉर्टेल, स्टेजवरचं नाव टॉर्टेल्व्हिस. पांढरा जंपसूट, एल्व्हिसच्या शेवटच्या वर्षांसारखं भरलेलं अंग. बारकावे पाहावेत यांचे. एल्व्हिसला स्टेजवर पाणी आणि स्कार्फ द्यायला चार्ली हॉज असायचा, म्हणून यांच्या स्टेजवर टॉवेल-पाणी देणारा एक ‘चार्ली हाज’ होता. ‘हार्टब्रेकर’ (१९६९) गाता गाता ते एल्व्हिसच्या ‘हार्टब्रेक हॉटेल’मध्ये (१९५६) शिरतात आणि गाण्याला नाव देतात ‘हार्टब्रेकर, ॲट द एंड ऑफ लोनली स्ट्रीट’. नुसत्या शब्दांच्या कोटीवर हे तगलं नसतं. दोन्ही गाणी ब्लूजच्याच पोटची, म्हणून सांधा दिसत नाही. केशवकुमारांची विडंबनं वाचताना हेच वाटतं: मूळ कविता ज्याला तोंडपाठ आहे, तिचं वृत्त ज्याच्या अंगात भिनलंय, तोच असं लिहू शकतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. यातलं काहीच बाहेरून आणलेलं नव्हतं. झेपलिननेच १९७३ मध्ये रेगेच्या अंगाने एक गाणं केलं होतं, आणि त्याच्या नावातच ‘जमैका’वर कोटी होती. झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट तर पोरवयापासून एल्व्हिसवेडा. १९७४ मध्ये झेपलिनची एल्व्हिसशी भेटही झाली. आणि १९७२ मध्ये प्लांट आणि गिटारवाला जिमी पेज आपल्या मुंबईत आले, तेव्हा इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ नव्याने रेकॉर्ड केली. ती रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मी ती ऐकली तेव्हा दिवा विझवून बसलो होतो. आपल्याच गाण्याला दुसऱ्या गावचे कपडे घालून बघायची हौस मुळात त्यांची. मी ज्या पावित्र्यासाठी रागावलो होतो, ते त्यांनी स्वतः कधी मागितलंच नव्हतं. ड्रेड झेपलिनचं कौतुक प्लांटने जाहीरपणे केलं, यात मग नवल वाटलं नाही.

त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही. ‘स्टेअरवे टू हेवन’ मी मूळचंच ऐकतो. त्या गाण्याची हळूहळू चढत जाणारी गत रेगेच्या सपाट चालीत मला सापडत नाही. पण ‘युअर टाइम इज गॉना कम’? ते यांचंच. मूळ गाणं ऑर्गनने सुरू होतं, देवळात शिरल्यासारखं. इथे ते उन्हात बसून गायल्यासारखं मोकळं होतं आणि शेवटचं पालुपद संपूच नये असं वाटतं.

गेल्या महिन्यात जुनी मंडळी एका मित्राच्या गॅरेजमध्ये जमलो. मी म्हटलं, हे वाजवून बघू. ऑक्टोपॅडवाल्याला ठेका समजावला. त्याने मान डोलावली आणि पहिल्याच आवर्तनात समेवर धाडकन दिली.

“दादा, हात आपोआप जातो हो तिथे.”

“जाऊ दे. पण लावू नकोस.”

सात-आठ वेळा चुकलं. मग एकदा त्याचा हात वर गेला, हवेतच थांबला, आणि त्या मोकळ्या जागेत माझा बेस एकटा वाजला.