तिरप्या प्रकाशातले गायतोंडे

एका खाजगी संग्रहातील अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची तीन चित्रे प्रदर्शनासाठी परगावी जायची होती आणि त्यापूर्वी त्यांचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या सध्याच्या अवस्थेची तपशीलवार नोंद, करण्याचे काम माझ्याकडे आले. चित्र परत आल्यावर त्यावरचा ओरखडा नवा की जुना, हे या अहवालावरूनच ठरत असल्यामुळे आम्ही संवर्धक त्यात हात आखडता घेत नाही.

पहिले काम लहान, कागदावरचे, 1950 च्या सुमाराचे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून 1948 साली पदविका घेतलेल्या या चित्रकारावर त्या काळी भारतीय लघुचित्रांचा आणि युरोपीय आधुनिक चित्रकार पॉल क्ली यांचा प्रभाव होता. सपाट रंग, बारीक रेघ आणि रेघेत बांधलेली माणसे. ते पटकन आटोपले.

दुसरा कॅनव्हास 1962 चा. दिवा बाजूला, जवळजवळ चित्राच्या पातळीत धरला, तेव्हा पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरवायच्या सुरीने, ओढलेल्या रंगाच्या कडांची सावली पडली. माणूस चित्रातून केव्हाच निघून गेला होता. गायतोंडे न्यूयॉर्कला जाऊन बदलले, अमूर्ताकडे वळले असे अनेकदा ऐकू येते, पण रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते तिकडे गेले 1964 साली, आणि हा कॅनव्हास त्याआधीचा आहे.

दिवस खाल्ला तो तिसऱ्याने. सत्तरच्या दशकातील या उभ्या कॅनव्हासवर तिरप्या प्रकाशात फिकट, वेड्यावाकड्या कडांचे तुकडे दिसले आणि मी छायाचित्रावर लाल पेन्सिलीने चौदा ठिकाणी ‘रंग निघालेला’ अशी खूण करून मोकळा झालो. दुपारी भिंगातून पाहताना मात्र शंका आली. पापुद्रा सुटला असता तर खालचे पांढरे अस्तर किंवा कापडाची वीण उघडी पडली असती. इथे खाली रंगाचाच आणखी एक अखंड थर होता, कडा फाटलेल्या कागदासारख्या होत्या, आणि एके ठिकाणी वरचा पातळ रंग त्या कडेवरून सलग वाहत गेलेला होता. ओल्या रंगावर फाडलेल्या कागदाचे तुकडे ठेवायचे, रोलर फिरवायचा आणि कागद उचलताना काही रंग सोबत न्यायचा, ही त्यांची पद्धत मला वाचून ठाऊक होती, तरी ऐन वेळी डोळ्यांना ती ओळखता आली नाही. (त्या जागा मी ‘दुरुस्त’ केल्या असत्या तर अर्धे चित्र माझे झाले असते.) त्यांच्या शैलीतल्या या बदलाचे श्रेय सरसकट झेन या बौद्ध ध्यानपंथाला दिले जाते आणि झेनची ओढ त्यांना होतीच, पण टेबलावर जे दिसते ते हातातल्या कामाचे आहे. आधी सुरीने चढवलेला रंग इथे कागदाने उतरवलेला होता आणि चित्र त्या उतरवण्यातून घडले होते.

चौदाही खुणा खोडल्या आणि छायाचित्राची नवी प्रत काढली. खरी इजा एकच निघाली, खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकटीला घासून गेलेला अर्ध्या सेंटिमीटरचा रंग, आणि तेवढीच नोंद घेऊन संध्याकाळी सही केली.